राजवाड्याभोवतीचा जुना-नवा वाद, आणि मधल्या मध्ये गेलेला ओटला

राजवाड्याच्या आसपास काहीही बांधायचं निघालं की इंदुरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते किती दिवस त्या पोखरलेल्या लाकडांना धरून बसणार, होऊ द्या काचेचं कॉम्प्लेक्स, होऊ द्या पार्किंगची मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत. दुसरी म्हणते बांधा, पण समोरून महिरपी लावा, सज्जे लावा, होळकरांचं गाव आहे हे दिसलं पाहिजे. 2016च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं, राजवाड्याभोवतीचा 742 एकरांचा भाग त्यात धरला गेला, तेव्हापासून हे जास्तच तापलंय, आणि आता मेट्रो जमिनीखालून तिकडे न्यावी की नाही यावरही सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता तीच भांडणं ऐकू येतात. पण हा वाद काही दहा वर्षांचा नाही, शंभरीच्या पुढचा आहे, आणि त्यात मधल्या मध्ये जातो तो घराच्या दारापुढचा ओटला.

आधी आपण ज्याला "जुनं" म्हणतो ते किती जुनं ते बघू. राजवाडा मल्हाररावांचा, अठराव्या शतकातला, 7 मजली. खालचे 3 मजले दगडी आणि वरचे 4 लाकडी, म्हणजे पेटायला एकदम तयारच. 1801 साली यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटलं, त्याचा वचपा म्हणून शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आला आणि त्या लुटालुटीत वाडा जळाला. 1818ला इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदुरात आली, मग दिवाण तात्या जोगांच्या कारभारात तो परत उभा केला. 1908ला पुन्हा आग. 1984च्या दंगलीत तर मागचा बहुतेक भाग गेला आणि समोरचा दर्शनी भाग तेवढा उरला, आमच्या पिढीने लहानपणी राजवाडा म्हणजे समोर दरवाजा आणि मागे आभाळ असाच पाहिलाय. नंतर उषाराजे होळकरांनी पुढाकार घेतला आणि 2006-07च्या सुमारास मागचा भाग जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून झाला. म्हणजे आज आत जाऊन आपण जे खांब कौतुकाने हात लावून बघतो त्यातले कितीतरी पलासियाच्या मल्ट्यांपेक्षा वयाने लहान आहेत, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, वाडे असेच टिकतात, जळले की परत बांधून.

बरं, होळकर स्वतः तरी एका शैलीला धरून बसले होते का? अजिबात नाही. गांधी हॉल बघा, 1904चा, तेव्हाचा किंग एडवर्ड हॉल, मुंबईच्या स्टीव्हन्स साहेबाने काढलेला, घुमट आणि मिनार आपले, थाट विलायती, मधे घड्याळाचा टॉवर म्हणून लोक घंटाघर म्हणतात. लालबाग पॅलेस 1886 ते 1921 असा तीन राजांच्या काळात बांधला गेला आणि आत शिरलात की वाटतं युरोपात कुठेतरी आलो (स्वयंपाकघर मात्र नदीच्या पलीकडे, आणि जेवण भुयारातून यायचं!). तेव्हाही कुणीतरी नक्कीच नाक मुरडलं असेल की हे काय साहेबी खूळ, आणि आज त्याच दोन इमारतींना आपण हेरिटेज म्हणतो.

आता खरी गोष्ट. 1917-18च्या सुमारास दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाला बोलावलं. मूळचा जीवशास्त्राचा प्रोफेसर, वयाने साठीच्या पुढे. गावात प्लेग होता, दाट वस्ती होती, आणि त्या काळच्या इंजिनियर लोकांकडे याला एकच औषध असायचं, वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढा, मधे येतील ती घरं पाडा. गेडिसने गल्ली गल्ली पायी फिरून उलटं सांगितलं. घरं सरसकट पाडू नका, एखादं पार मोडकळीला आलेलं घर तेवढं काढा, त्या जागी छोटासा चौक करा, झाड लावा, ओटा बांधा, गल्ली आपोआप मोकळी होते आणि माणसंही जागची हलत नाहीत. रुंद रस्त्यात खर्च जास्त, आणि ज्यांची घरं पडतात ते शेजारच्या गल्लीत घुसून तिथे आणखी गर्दी करतात, हे त्याचं म्हणणं. या पद्धतीला त्याने सर्जरीचंच नाव दिलं होतं, पण जपून केलेली, शक्य तेवढं अंग वाचवणारी. 1918चा त्याचा इंदूरवरचा रिपोर्ट दोन खंडांचा आहे, जगात प्लॅनिंग शिकवतात तिथे आजही त्याचं नाव निघतं, आणि आपल्याकडे नव्या पोरांना विचारा गेडिस कोण, तर म्हणतील कुठल्या टीमचा?

त्याचीच एक दिवाळीची मिरवणूक. लोक आधी त्याला घाबरायचे, हा साहेब नकाशा घेऊन फिरतो म्हणजे घरं पाडायला आला. मग म्हणे त्याने एक दिवसाचं महाराजपद मागून घेतलं आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने नाही, ज्या भागात सगळ्यात जास्त घरं साफ आणि दुरुस्त झाली असतील त्या भागातून जाणार. झालं, सगळं गाव झाडू घेऊन कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, कचऱ्याच्या गाड्यांना शिंगं रंगवलेले पांढरे बैल जुंपलेले होते, आणि सफाई कामगार नवे कपडे आणि हार घालून मानाने चालले होते. 2017 पासून आपण सफाईत पहिला नंबर म्हणून छाती फुगवतो ना, त्याच्या शंभर वर्षं आधीचं हे.

गेडिसचं सगळं ऐकलं असं नाही. पण त्यानंतर दहा-बारा वर्षांतच इंदुरात जे झालं ते नव्या पार्टीने नेहमी सांगायला पाहिजे आणि कधीच सांगत नाही. यशवंतराव होळकर दुसरे ऑक्सफर्डला शिकायला होते तिथे एकार्ट मुथेसियस नावाचा तरुण जर्मन आर्किटेक्ट भेटला, आणि 1930 नंतर तीनेक वर्षांत राजाचा नवा महाल, माणिकबाग, उभी राहिली. नक्षी नाही, कमान नाही, सरळ रेघा, धातूच्या खिडक्या, काच. सामान जर्मनीहून जहाजाने आलं, खुर्च्या ली कॉर्बुझिए आणि आयलीन ग्रे या तेव्हाच्या मॉडर्न डिझायनर लोकांच्या, शिल्पं ब्रांकुसीची. जगात फार कमी ठिकाणी तेव्हा असं घर होतं आणि ते होतं एका मराठी राजाचं, माळव्यात. याच राजाची एका फ्रेंच चित्रकाराने काढलेली दोन पोर्ट्रेट आहेत, एकात काळा विलायती सूट आणि केप, दुसऱ्यात पांढरी मराठेशाही वेशभूषा. माणूस तोच! पुढे 1980ला मोनाकोत लिलाव होऊन बरंचसं फर्निचर जगभर गेलं आणि माणिकबागेत आता टॅक्सचं सरकारी ऑफिस आहे. त्यामुळे कुणी म्हणालं की मॉडर्न म्हणजे बाहेरून आलेलं, होळकरांचं नाही, तर त्याला आधी माणिकबागेचा पत्ता द्यावा.

मधली वर्षं पटकन. राज्य गेलं, गाव मिलच्या भोंग्यावर चालत राहिलं, मग एकेक मिल बसली, हुकुमचंद मिल 1991ला बंद पडली, वस्ती बायपासकडे पळाली, आणि जुन्या गावात राहिले दुकानदार, भाडेकरू आणि वाटण्या न झालेले वाडे. हे वाटण्यांचं कुणी बोलत नाही. एका वाड्याला अकरा वारस, भाडं जुन्या काळातलं, छपराची एक तुळई बदलायची तरी सगळ्यांच्या सह्या कोण आणणार, म्हणून पाऊस येतो आणि भिंत जाते. चुन्याचं काम करणारे कारागीरही आता शोधावे लागतात. मोठ्या वास्तूंचं तसं बरं चाललंय, कृष्णाबाईंनी 1832ला बांधलेल्या गोपाल मंदिराचं काम स्मार्ट सिटीत जुन्या पद्धतीने झालं, राजवाड्यात मे 2025ला तर मध्य प्रदेशच्या कॅबिनेटची बैठक भरली. साध्या वाड्यांना मात्र कुणी वाली नाही.

आणि याच गावात 1980च्या दशकात आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अरण्य नावाची वसाहत वसवली, 85 हेक्टर, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, बहुतेक गरिबांसाठी. लहानात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा, त्यावर जोतं आणि संडास-पाण्याची सोय करून द्यायची, बाकी घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. नमुन्याची 80 घरं बांधली त्यात दोशींनी काय ठेवलं तर ओटला! (पुण्याकडे ओटा म्हणतात, आपल्याकडे ओटलाच.) रस्ता आणि उंबरा यांच्यामधली ती दोन-तीन पायऱ्यांची जागा, जिथे भाजी निवडली जाते, पेपर वाचला जातो आणि अख्ख्या मोहल्ल्याची कुंडली मांडली जाते. घर सिमेंट-विटांचं, नक्षी कुठेच नाही, पण गल्ली जुन्या इंदूरसारखी. 1995ला आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार मिळाला, 2018ला दोशींना प्रिट्झकर, तोही आर्किटेक्चरचाच. लोकांनी त्या घरांवर मजले चढवून ओळखू येणार नाहीत अशी करून टाकलीत, त्यासाठीच तर ती होती.

म्हणून मला हा काच विरुद्ध महिरप वाद थोडा फसवा वाटतो. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्यापर्यंत रस्ता रुंद झाला तेव्हा काय गेलं ते आठवा. दर्शनी भाग नवा करता येतो, पाहिजे तर फायबरच्या महिरपीही चिकटवता येतात, आणि त्या चिकटवल्या की जुनी पार्टी खूश, रस्ता रुंद झाला की नवी पार्टी खूश. रुंदीकरणात काय पाडायचं त्याचं लाल रंगाने मार्किंग झालं की सगळ्यात आधी जातो ओटला, मग जिना, मग पुढची खोली, आणि ओटल्याची बाजू घ्यायला दोन्ही पार्ट्यांतलं कुणी येत नाही.

आमच्या मावशीचं घर अशाच एका रुंदीकरणात पुढून सात फूट कापलं गेलं. बाहेरून आता छान दिसतं, वरच्या मजल्याला जुन्या नमुन्याची जाळी आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे. संध्याकाळी ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन दारातच बसते, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि समोरून गाडी आली की पाय आत घेते.