आइस आणि गावचे पोलीस: अमेरिकेत कोणाचा हात कुठपर्यंत?

‘आमचं न्यू जर्सी सँक्च्युअरी स्टेट आहे, इथे आइसवाले येत नाहीत.’ एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हे वाक्य सहज बोललं जातं आणि फोनवरून पुण्या-सांगलीच्या आईवडिलांपर्यंतही पोचतं. ते चुकीचं आहे. सँक्च्युअरी म्हणजे आइसला आपणहून मदत न करण्याचं धोरण असलेलं राज्य, एवढंच. आइस ही बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना पकडून परत पाठवणारी केंद्र सरकारची यंत्रणा आहे. पन्नासही राज्यांत ती कारवाई करू शकते आणि त्यासाठी तिला कुठल्याही गव्हर्नरची परवानगी लागत नाही.

आपला गोंधळ होतो तो भारतातल्या अनुभवामुळे, असं मला वाटतं. आपल्याकडे परदेशी नागरिक हा विषय केंद्राचा आणि पोलीस राज्याचे. पण केंद्राने आपले बरेच अधिकार राज्यांकडे सोपवलेत. त्यामुळे व्हिसा संपलेल्या माणसाला पकडायला मुंबईत स्थानिक ठाण्याचेच पोलीस जातात. अमेरिकेत ही साखळी अशी आपोआप जोडलेली नाही.

देशात कोण येणार, किती दिवस राहणार, कोणाला परत पाठवायचं, हे तिथे फक्त केंद्र ठरवतं. जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांवर न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाने स्वतःचे हमीपत्रांचे कायदे लावले होते; १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. अलीकडचं मोठं उदाहरण ॲरिझोनाचं. त्या राज्याने २०१० मध्ये कडक कायदा केला. त्यातली चार कलमं सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि २०१२ मध्ये तीन रद्द झाली. त्यातलं एक कलम नीट पाहण्यासारखं आहे. परदेशी माणसाने केंद्राकडच्या नोंदणीचा कागद जवळ न बाळगणं ॲरिझोनाने राज्याचाही गुन्हा ठरवलं होतं. आता, अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने तो कागद जवळ बाळगावा, अशी केंद्राच्या कायद्यातच सक्ती आहे. म्हणजे राज्याने केंद्राचाच नियम पुन्हा लिहिला होता, तरी तो टिकला नाही. हे क्षेत्र पूर्णपणे केंद्राचं, असं न्यायालय म्हणालं. टिकलं ते एवढंच: पोलिसांनी दुसऱ्या कायदेशीर कारणाने कोणाला थांबवलं आणि रास्त संशय आला, तर तो देशात कायदेशीर राहतोय का, हे तपासावं.

यावरून कोणी म्हणेल, मग केंद्राने हुकूम सोडला की राज्याच्या पोलिसांनी तो पाळलाच पाहिजे. तसं मुळीच नाही, आणि याचं उत्तर बंदुकांच्या खटल्यातून आलंय. बंदूक विकत घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचं काम केंद्राने स्थानिक शेरीफांवर, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखांवर, टाकलं होतं. केंद्राचा कार्यक्रम राबवायला राज्याच्या माणसांना जुंपता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं. सँक्च्युअरी धोरणांचा पाया हाच. न्यू जर्सीत २०१८ मध्ये निघालेल्या आदेशाचा गाभा एवढाच आहे, की गंभीर गुन्ह्यांसारखे अपवाद सोडले तर स्थानिक पोलिसांनी आइसला आपणहून मदत करायची नाही. पोलिसांनी आइसला अडवावं, असं त्यात नाही. मदत न करणं आणि अडवणं यांतलं हे अंतर लोक विसरतात.

उलट मदत करायची असेल तर त्यालाही वाट आहे. १९९६ च्या कायद्यामुळे स्थानिक पोलीस केंद्राशी करार करून, प्रशिक्षण घेऊन आइसची ठरावीक कामं करू शकतात. टेक्सासने तर २०१७ मध्ये आपल्या शहरांना आणि काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) सहकार्य नाकारायलाच बंदी केली.

या दोन हद्दी जिथे भिडतात ती जागा म्हणजे काउंटीचा तुरुंग. आइस तिथे ‘डिटेनर’ पाठवते: या माणसाची सुटका झाली तरी त्याला ४८ तासांपर्यंत रोखून ठेवा. सोबतच्या वॉरंटवर न्यायाधीशाची सही नसते, आइसच्याच अधिकाऱ्याची असते. पेनसिल्व्हेनियातल्या एका काउंटीने अशा डिटेनरवरून चक्क एका अमेरिकी नागरिकाला कोंडून ठेवलं. त्याने दावा लावला. डिटेनर ही केवळ विनंती आहे, त्यामुळे ‘आम्हाला सक्ती होती’ असं म्हणून काउंटीला हात झटकता येणार नाहीत, असं २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं. न्यू जर्सीही याच अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं, त्यामुळे हा निकाल तिथेही लागू आहे.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र दुसरीच गोष्ट जिवाशी बांधून ठेवावी. अटक झाल्यावर घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून होमलँड सिक्युरिटी खात्याकडे; आइस याच खात्याखाली येते. राज्य सँक्च्युअरी असलं तरी हा प्रवास थांबत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस राज्याची, न्यायालय राज्याचं. पण निकाल लागण्याआधी, नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. त्याने तिथलं राहणं लगेच बेकायदा ठरत नाही. पण गणपतीला घरी आलात तर परत जायला नवा व्हिसा काढावा लागतो. गुन्हा कबूल केल्याने हद्दपारीची वेळ येऊ शकते का, हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलंय. तेव्हा ‘कबूल करून टाका, दंडावर सुटाल’ असं वकील म्हणाला, तर सही करण्याआधी हा प्रश्न त्याला विचाराच.