घर जळालं तर: पंचनामा, शासकीय मदत आणि विम्याचे कागद (कोल्हापूर शहर व करवीर)

आग विझली की घरच्यांचा पहिला हात झाडूकडे जातो. तो आवरायला हवा. तलाठ्यांचा पंचनामा आणि विम्याच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत जळकं सामान जागचं हलवू नका. भिंत किंवा तुळई कोसळायचा धोका असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा, मग हलवा, पण टाकून देऊ नका. पुढची सगळी मदत या पंचनाम्यावरच उभी राहते.

नोंदी तीन लागतात, शक्यतो त्याच दिवशी. अग्निशमन दलाला (101) वर्दी गेलेली असते, पण आगीचा दाखला आपोआप घरी येत नाही. आगीची वेळ, पत्ता, घरमालक आणि भाडेकरू यांची नावं लिहून अर्ज द्या. पोलीस ठाण्यात अकस्मात जळिताची नोंद करून प्रत घ्या. तिसरा पंचनामा. तो तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) करतात आणि प्रस्ताव करवीर तहसील कार्यालयात जातो.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो नीट वाचा. ‘संसारोपयोगी साहित्य जळाले’ एवढ्या एका ओळीवर बोळवण होऊ देऊ नका. तिजोरी, फ्रीज, शिलाई मशीन, धान्याची पोती, कागदपत्रं हे नगासह आणि अंदाजे किमतीसह लिहून घ्या. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत एका छताखाली चार कुटुंबं असतात. तिथं प्रत्येक कुटुंबाचं नुकसान वेगळं नोंदवलं गेलं पाहिजे, नाहीतर मदत एकाच नावावर निघते आणि भाऊबंदकी सुरू होते.

आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग आहे. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांनुसार पूर्ण नष्ट घराला सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये, तर किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. कपड्यांसाठी 2,500 आणि भांडी-सामानासाठी 2,500 रुपये प्रतिकुटुंब. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तपासणीआधी जनावर पुरू नका. अर्ज करताना चालू दर तहसीलमध्ये विचारून घ्या. घराची रक्कम अधिकृत बांधकामालाच मिळते, म्हणून घरफाळ्याची पावती, मिळकत पत्रिका किंवा गावात नमुना 8, आधार, रेशनकार्ड आणि आधार जोडलेलं बँक पासबुक लावा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

स्फोट किंवा गळती सिलिंडरची असेल तर गॅस एजन्सीला लगेच लेखी कळवा. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. तेल कंपन्यांचा सामूहिक विमा असतो. त्यात मृत्यूला 6 लाख, उपचारांना माणशी 2 लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेला घटनेमागे 2 लाखांपर्यंत भरपाई आहे. दावा पुढं पाठवणं एजन्सीचं काम आहे. घर बदलून कनेक्शन जुन्याच पत्त्यावर ठेवलं असेल तर मालमत्तेचा दावा तिथंच अडतो. सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी तपासणीपर्यंत जपून ठेवा.

6,500 रुपयांत जळकं छप्परही बदलत नाही. खरा आधार स्वतःच्या विम्याचाच. 1 एप्रिल 2021 पासून सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामान तिच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाखांपर्यंत आपोआप येतं. दागिने त्यात नसतात. त्यांचं संरक्षण जादा घ्यावं लागतं. नुकसान लक्षात येताच कंपनीला कळवा आणि 30 दिवसांत दावा अर्ज द्या. शॉर्टसर्किटनं जळालेला फ्रीज स्वतः वगळला जातो, पण त्यातून पेटलेलं स्वयंपाकघर धरलं जातं. सर्व्हेअर नेमका इथंच काटछाट करतात, तेव्हा दाखल्यात आग कुठून सुरू झाली आणि कुठं पसरली हे दोन्ही यायला हवं. राडारोडा उचलण्याचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो, पावत्या ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, तेही विनाशुल्क.

जळालेली गुणपत्रिका शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडून, खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून मिळते. दोन्हीकडे जळिताच्या नोंदीची प्रत उपयोगी पडते.

तिजोरीतल्या नोटा करपल्या असतील तर त्या सुट्या करू नका, झटकू नका. फार जळालेल्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा बेलापूर इथल्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. गठ्ठा आहे तसा कापसात ठेवून कडक डब्यात भरा आणि सोबत जळिताच्या नोंदीची व पंचनाम्याची प्रत न्या.