लेझर केशनिर्मूलन

लेझरच्या प्रकाशाने केसाचे मूळ तापवून नको असलेल्या केसांची वाढ रोखण्याची उपचारपद्धती. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून तापते आणि त्या उष्णतेने मुळाजवळच्या वाढीच्या पेशी निकामी होतात. यामागचा सिद्धान्त रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडला.

मेलॅनिन त्वचेतही असते, आणि सावळ्या वर्णाची अडचण नेमकी तीच. ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेवर उत्तम चालतो; सावळी त्वचा मात्र त्याने भाजू शकते. तिच्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग अधिक सुरक्षित, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरात फारसा न अडकता खोल जातो. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोडही भारतात बराच वापरतात. पांढरे केस कोणत्याच लेझरला दाद देत नाहीत.

सिटिंगआधी सुमारे चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा बंद. केस मुळासकट गेला, तर तापायला काही उरत नाही. रेझर चालतो, किंबहुना आदल्या दिवशी तो फिरवूनच यायला सांगतात. डोळ्यांवर गॉगल चढतो, तीळ व गोंदण वगळतात. प्रत्येक झोताला रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. वरच्या ओठावर आणि जांघेत तो जास्त झोंबतो. जळक्या केसांचा वासही येतो. नंतर केसाकेसाभोवती बारीक लाल फुगवटी उठते. पाहणारा घाबरतो, पण ती मुळापर्यंत उष्णता पोहोचल्याची खूण असते आणि बहुधा दोन दिवसांत बसते. फोड आले किंवा काळपट डाग पडले, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. उन्हापासून जपणे व सनस्क्रीन लावणे आवश्यक. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जळके खुंट वर सरकून गळतात. केस पुन्हा उगवले, असे वाटते ते यामुळेच.

लेझरचा परिणाम वाढीच्या अवस्थेतील केसांवरच होतो. त्यामुळे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात. लग्नाच्या महिनाभर आधी धावत येणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. एवढे करूनही केस विरळ व बारीक होतात, सगळे जात नाहीत. अधूनमधून एखादी सिटिंग लागतेच.

हनुवटीवर राठ केस येण्यामागे पीसीओएस हा स्त्रियांमधील संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) विकार असेल, तर त्यावरचे उपचारही सोबत हवेत, नाहीतर नवे केस येतच राहतात. गालावरच्या लवीवर लेझर मारल्यास क्वचित उलट दाट केस उगवतात. तिथे नकार देणारा डॉक्टर भला.