वाफेचा सांधा : जिनापासून घरच्या लेथपर्यंत

तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची एल्बो, टी, सॉकेट, युनियन मागा, दुकानदार न शोधता काढून देतो. विहिरीवरच्या मोटारपंपामुळे विदर्भातल्या शेतकऱ्यालाही हे शब्द पाठ आहेत. पण खरोखर वाफेवर चालणारं छोटं इंजिन घरी बनवायला घेतलं की हे दुकान कामाचं राहत नाही. तिथे लागणारी नळी एक-दीड सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि तिचा नट हरभऱ्याएवढा. तो लेथवर स्वतःच करावा लागतो. असं का, याचं उत्तर वऱ्हाडातल्या कापसाच्या आणि रेल्वेच्या इतिहासात सापडतं.

1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात आट्यांचं, म्हणजे नट-बोल्टच्या पेचांचं, प्रमाण मांडलं. आट्याचा कोन 55 अंश आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे, तेही ठरलेलं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याचा भरवसा नसे. पुढे नळांचे आटेही याच घराण्यातून आले. अर्धा इंची नळाला इंचात 14 आटे, एक इंच आणि त्यापुढे 11.

हे आटे आपल्याकडे कापसाच्या मागोमाग आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. 1877 च्या 1 जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट, सगळीकडे जीन-प्रेस, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, उभे राहिले. जिनाला बॉयलर, बॉयलरला नळ आणि नळ जोडायला फिटर. सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे, पण जीन चालू राहायचा तो वाफेचा सांधा न गळता ठेवणाऱ्या माणसामुळे. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मग शकुंतला. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी ही अडीच फुटी नॅरोगेज किलिक निक्सन कंपनीने टाकली, तीही कापसासाठीच. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं झेडडी वर्गाचं इंजिन 1923 पासून तिच्यावर धावलं आणि 1994 च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे सत्तरेक वर्षं, गाडी ओढत राहिलं. त्यानंतर डिझेल आलं. आपल्या भागात वाफेची मॉडेलं करायची म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा हेच इंजिन येतं, आणि ते योग्यच आहे.

देशात दशमान मापांचा कायदा 1956 मध्ये झाला. बोल्ट हळूहळू मिलिमीटरचे झाले, नळाचे आटे मात्र इंचातच राहिले. आजही डाय घेऊन अर्धा इंची नळावर आटे पाडणारा प्लंबर व्हिटवर्थचाच 55 अंशांचा आटा पाडतो.

छोट्या इंजिनाची अडचण या आट्यांपाशीच सुरू होते. मोठ्या इंजिनाचा दीड इंची नळ बाराव्या हिश्शाएवढा केला की बरोबर एक सुताचा होतो. पण त्याचे आटेही तसेच लहान करायचे म्हटले तर इंचात 132 पडतील, जे हाताला फिरवता येणार नाहीत आणि दाबाला टिकणार नाहीत. उलट बाजारातला जाड आटा घेतला तर धातू उरत नाही. पाव इंची बोल्टचा नेहमीचा आटा इंचात 20 चा. तो पाडून आतून एक सुताचं भोक घेतलं तर भिंत पाऊण मिलिमीटरच राहते. तिथेच 40 चा आटा पाडला तर ती जवळजवळ 1.2 मिलिमीटर मिळते.

इंग्लंडातल्या हौशी कारागिरांनी यावर तोड काढली. 1898 मध्ये लंडनला पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केलं आणि पुढे त्याच नावाने बारीक आट्यांची मालिका रूढ झाली. कोन व्हिटवर्थचाच, पण बारीक जाडीला इंचात 40 आणि जरा मोठीला 32. जाडी बदलली तरी आटा तोच, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

हा आटा आपल्या लेथवर सहज निघतो. लीडस्क्रू, म्हणजे लेथचं हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला 4 आट्यांचा असेल तर 40 साठी दहास एक प्रमाण लागतं. 20 दात्यांचं चाक 80 दात्यांच्या चाकाला आणि 40 चं 100 ला लावलं की झालं. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड केलेल्या पोराला हे तोंडपाठ असतं. 6 मिलिमीटरवर पाऊण मिलिमीटरचा मेट्रिक फाइन आटा वापरायलाही माझी हरकत नाही. हुबेहूबपणा थोडा जातो, सांधा तितकाच पक्का बसतो.

सांध्याची रचना मात्र मोठ्या इंजिनावरूनच घेतली आहे. घरच्या नळाला सफेदा आणि सुतळी चालते. इथे त्याचा कण जरी सुटून बॉयलरला पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हखाली अडकला तरी पाणी परत फिरतं. म्हणून धातूवर धातू बसवायचा. बॉडीच्या, म्हणजे सांध्याच्या मुख्य तुकड्याच्या, तोंडात सेंटर ड्रिल (टोकदार छोटं ड्रिल) टेकवलं की 60 अंशांची बैठक आपोआप तयार होते. निपलसाठी, म्हणजे नळीच्या टोकाला बसणाऱ्या शंकूसाठी, कंपाउंड स्लाइड (लेथवरची तिरकी फिरवता येणारी सरक) 30 अंशांवर फिरवून तोच शंकू बाहेरून घ्यायचा. मग तांब्याच्या नळीवर आधी नट ओवायचा आणि त्यानंतरच निपलला डाग द्यायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने ते जोडायचं, कारण निपल बसल्यावर नट त्या टोकाने जात नाही. नट हाताने फिरेल तेवढा फिरवून पान्याने थोडासा आवळला की पुरे.

डागाचाही इतिहास आहे. सुरुवातीची छोटी इंजिनं स्पिरिटवर, कमी दाबावर चालत. त्यांना कथलाचा डाग पुरायचा. 1920 च्या दशकात कोळशावरची मॉडेलं माणसं ओढू लागली, दाब चौरस इंचाला 80 पौंडांवर गेला. त्या दाबाची वाफ 162 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि कथील-शिशाचा डाग 183 ला वितळू लागतो. एवढ्या अंतरावर कोणी विसंबू नये. म्हणून 600 अंशांच्या वर वितळणारा चांदीचा डाग आला. टाकणखार लावून चांदीचा डाग देणं गावातल्या सोनाराला पिढ्यान्‌पिढ्या येतं. शिकायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही.

धातू निवडताना भंडाऱ्याची पितळी परंपरा आठवते, पण साधं पितळ बॉयलरमध्ये घालू नये. गरम पाणी त्यातलं जस्त ओढून घेतं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. वाफेच्या नळीचे नट-युनियन पितळेचे चालतात, बॉयलरमध्ये बसणारे बुश (नळ जोडायची आटेदार कडी) मात्र गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे, हवेत.

1863 मध्ये कलकत्त्याला बॉयलर फुटून माणसं गेली, त्यातून 1864 चा बंगालचा कायदा आणि पुढे 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला. त्या कायद्याने पाच गॅलनपर्यंतचं भांडं बॉयलर म्हणून धरलंच नाही. टेबलावरचं मॉडेल त्यामुळे निरीक्षकाच्या कक्षेबाहेर राहिलं आणि तपासणी मॉडेल बनवणाऱ्याच्याच अंगावर आली. ती पाण्यानेच करायची, सगळे सांधे जोडून, चालवायच्या दाबाच्या दुपटीने. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी दाब क्षणात उतरतो आणि स्फोट होत नाही. हवा भरून ही चाचणी कधीही घेऊ नये.