मोजा पळवणारं पिल्लू

घरात चार महिन्यांचं लॅब्रेडॉर आलं की मोजे नाहीसे व्हायला लागतात. पिल्लू मोजा उचलतं, पलंगाखाली शिरतं आणि आपण मागे धावलो की त्याला आणखी चेव येतो. आपण त्याला खोडकर म्हणतो. खरं तर ते स्वतःच्या पूर्वजांचं काम निम्म्याहून अधिक चोख करत असतं.

ते काम होतं बंदुकीने पाडलेला पक्षी शोधून, न चिरडता, मालकाच्या हातात देण्याचं. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात त्यासाठी रिट्रीव्हर, म्हणजे शिकार आणून देणारे कुत्रे, घडवले गेले; लॅब्रेडॉर त्यांतलेच. लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मच्छीमारांकडचे, पाण्यात सराईत कुत्रे. गोल्डन रिट्रीव्हरची पहिली जोडी १८६८ मध्ये स्कॉटलंडात जमवली गेली: पिवळा नर नूस आणि स्पॅनियल जातीची मादी बेल.

लांडग्याची शिकार पायऱ्यापायऱ्यांनी होते. नजर रोखायची, दबकत जायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, जीव घेणारा चावा घ्यायचा, मग फाडून खायचं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने रिट्रीव्हरमध्ये पाठलाग आणि पकड ठेवली, पुढचा चावा बोथट केला. शिकवणारे याला ‘मऊ तोंड’ म्हणतात.

पण हातात आणून देणं रक्तात पूर्ण उतरलेलं नसतं, आणि मला शिकवण्यातला हाच भाग सर्वांत नाजूक वाटतो. पिल्लाच्या दृष्टीने तोंडातली वस्तू हेच बक्षीस. जवळ आल्याबरोबर आपण ती हिसकावली, तर ‘माणसाजवळ गेलं की आपलं जातं’ एवढंच ते शिकतं. पुढच्या वेळी ते चार हात लांबूनच वळसा घालतं. म्हणून जाणकार सुरुवात अरुंद बोळात करतात, जिथे परतीची वाट एकच असते. गुंडाळलेला मोजा थोडा पुढे टाकायचा आणि जमिनीवर बसायचं. पिल्लू आलं की वस्तूला हात न लावता आधी त्याची छाती कुरवाळायची. ते रेंगाळलं तर उलट दिशेने पळायचं. पाठलाग त्याने करावा, आपण नाही. थोड्या वेळाने खाऊच्या बदल्यात मोजा अलगद घ्यायचा. दात बदलत असताना, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, ओढाओढी अजिबात नको. अठ्ठावीस दुधाचे दात जाऊन बेचाळीस पक्के येत असतात, हिरड्या ठणकतात आणि ती वेदना मोज्याशी जोडली जाते.

शाबासकी क्षणात मिळायला हवी. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अनपेक्षित बक्षीस मिळालं की मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या पेशी उसळतात. सरावानंतर मात्र बक्षिसाची वर्दी देणाऱ्या खुणेलाच त्या प्रतिसाद देतात. ‘शाब्बास’ हा शब्द अशीच खूण होतो, पण उशिरा उच्चारला तर तो भलत्याच कृतीला चिकटतो. खाऊला लॅब्रेडॉर भुलतात यामागे जनुकही आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की सुमारे पाव लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला असतो. हे जनुक भुकेला आवर घालणाऱ्या रसायनांशी संबंधित आहे. अपंगांना मदत करणाऱ्या लॅब्रेडॉरमध्ये हा बदल तीन-चतुर्थांश कुत्र्यांत सापडला! खादाडपणामुळेच ते शिकवायला सोपे जात असावेत.

मग येतं थांबणं. सरावासाठी पक्ष्याऐवजी वापरायची कॅनव्हासची डमी हवेत उडते, पिल्लाचे स्नायू ताणले जातात, आणि त्याला बसूनच राहायचं असतं. प्रत्येक फेकीला सोडलं तर ‘पडलं की पळ’ हाच नियम पक्का होतो. म्हणून मुरलेले शिक्षक बऱ्याचशा डम्या स्वतः चालत जाऊन उचलतात. पिल्लू नुसतं बघतं. दोन-तीन फेकींत धडा आटोपतात, हौस शिल्लक असतानाच. हुकमासाठी शिट्टी वापरतात: एक ठोस फुंकर म्हणजे बस, तुटक फुंकरी म्हणजे ये. शिट्टीचा सूर रोज तोच राहतो, माणसाच्या आवाजासारखा त्यात राग चढत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आता या कुत्र्यांना शिकारीचं काम उरलेलं नाही. पण पलंगाखालचं पिल्लू आजही मोजा तोंडात धरून वाट बघत असतं. त्याच्याकडे पाठ करून दोन पावलं पळून बघा.