गाडीचा एसी पेट्रोल किती खातो?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मार्च उजाडला की आमच्या वर्कशॉपमध्ये एकच प्रश्न दिवसातून चार वेळा येतो. "ओ मालक, एसी लावला की गाडी पेट्रोल लई पितीय की. बघा जरा काय बिघडलंय." कुणाला वाटतं कंप्रेसर गेला, कुणाला वाटतं गॅस संपला. कुणी तर भर उन्हात एसी बंद ठेवून, घाम पुसत सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून आमच्यापर्यंत येतो. प्रत्येकाला उभ्या उभ्या सगळं सांगणं होत नाही आणि अर्धवट सांगितलं की गैरसमज वाढतो. म्हणून हे पत्रक. घरी न्या, सावकाश वाचा.

एसी पेट्रोल खातो, हे खरं आहे. पण तो तासावर खातो, किलोमीटरवर नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की बाकीचा हिशोब तुमचा तुम्हाला करता येईल.

एसीला ताकद कुठून मिळते

घरचा फ्रिज विजेवर चालतो. पेट्रोल गाडीत एसीचा गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरला इंजिनच फिरवतं, बेल्टवर. खात्री करायची असेल तर सावलीत गाडी सुरू ठेवा, बॉनेट उघडा आणि घरातल्या कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा. 'टक्' असा आवाज येईल. तो कंप्रेसरचा क्लच, कंप्रेसरला बेल्टशी जोडणारा. त्याच क्षणी इंजिनचा आवाज थोडा दबतो आणि लगेच सावरतो. सावरताना आत जास्तीचं पेट्रोल जातं, तोच एसीचा खर्च. दोन-तीन मिनिटांनी जाड पाइप गार पडून त्यावर पाण्याचे थेंब दिसायला लागतात आणि बारीक पाइप चांगलाच तापतो. गाडीतली उष्णता घेऊन एसीचा गॅस जाड पाइपने येतो, कंप्रेसरमध्ये दाबला जातो आणि पुढच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून, ती उष्णता बाहेर फेकली जाते. हे बघताना पदर, ओढणी, सैल बाही बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. पंखा कधीही अचानक सुरू होतो.

काही नव्या गाड्यांत 'टक्' ऐकू येत नाही. तिथला कंप्रेसर सतत फिरतो आणि गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करतो. तो बिघाड समजू नका. गाडीखाली टपकणारं पाणीसुद्धा बिघाड नव्हे. डॅशबोर्डमागे हवा गार करणारी जाळी असते, तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यावर हवेतली वाफ जमते, त्याचंच ते पाणी. उलट बाहेर दमट हवा असताना गाडीखाली काहीच टपकत नसेल आणि पायाखालची मॅट ओली होत असेल, तर पाण्याची नळी तुंबलेली असते. तेव्हा मात्र या.

हिशोब

कडक उन्हात कंप्रेसर जोरात चालतो तेव्हा लहान गाडीतही तो एकटा दोन-तीन हॉर्सपॉवर घेतो. गाडी गार झाली की मधूनमधून सुटतो, पुन्हा लागतो. सगळं धरून उन्हाळ्यात तासाला अर्धा लिटर, हा आमचा ठोकताळा. गाडी केवढी, ऊन किती, आत माणसं किती, यावर तो खाली-वर होतो.

आता हा अर्धा लिटर शहरात मोजू. नवी पेठेतली गर्दी, सिग्नल, विजापूर रोडवरची वाहनं, सगळं धरून तासाभरात गाडी २० किलोमीटर फिरली. एसीविना ती लिटरला १५ देते असं धरा. म्हणजे १.३३ लिटर लागले. त्यात एसीचा अर्धा मिळवला की १.८३. २० किलोमीटरला १.८३ लिटर म्हणजे मायलेज ११ च्या आत आलं. लिटरमागे चार किलोमीटर गेले.

तीच गाडी पुणे हायवेवर काढा. तासाला ८० ने चालली आणि एसीविना लिटरला २० दिले, तर तासाभरात ४ लिटर लागतात. एसीचा अर्धा लिटर धरून साडेचार. मायलेज १८ च्या जवळ राहिलं. अर्धा लिटर तोच, पण तेवढ्या वेळात गाडीने चौपट रस्ता कापला.

म्हणूनच "हायवेला एसीचं काही वाटत नाही, गावात मात्र टाकी रिकामी होते" असं सांगणारे ग्राहक चुकीचं सांगत नसतात. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. साडेतीन-चार तासांत एसीचे पावणेदोन-दोन लिटर जातील. चौघांत वाटून बघा. तेवढ्यासाठी मुलाबाळांना भर दुपारी झळा सोसायला लावू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी उधळपट्टी होते ती उभ्या गाडीत. कार्यालयाबाहेर लग्न उरकायची वाट बघत, शाळेबाहेर मुलं सुटायची वाट बघत, एसी लावून बसलेली गाडी. इंजिनचं स्वतःचं पेट्रोल आणि वर एसीचं, असं तासाला एक लिटरच्या पुढे जातं आणि किलोमीटर शून्य. अर्ध्या तासाच्या वर थांबायचं असेल तर गाडी बंद करून सावलीत उतरा. आणि बंद शटरच्या आत, गॅरेजमध्ये, इंजिन सुरू ठेवून एसीत कधीही बसू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची ग्राहकांसाठी माहिती आहे, त्यातही हेच म्हटलंय: फार उष्ण हवेत एसीमुळे मायलेज २५ टक्क्यांहून जास्त घटू शकतं, आणि तेही मुख्यतः छोट्या फेऱ्यांत. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे फार उष्ण हवाच, आणि आपल्या फेऱ्या बहुतेक पाच-सात किलोमीटरच्या. आणखी एक. गाडी घेताना कंपनी मायलेजचा जो आकडा सांगते तो सहसा चाचणीत एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या आकड्याशी मे महिन्यातल्या आपल्या गाडीची तुलना करून मनाला लावून घेऊ नका.

पहिली दहा मिनिटं

छोट्या फेरीत एवढं पेट्रोल का जातं? कारण पहिली दहा मिनिटं एसी नुसती हवा गार करत नसतो, तापलेला डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग आणि छतही गार करत असतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं. तासाभरात आतलं तापमान सुमारे २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दोन बोटं उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे बाहेर ४२ असेल तर आत साठीच्या पुढे. म्हणून "दोन मिनिटांत आलोच" म्हणून लेकराला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. हे पेट्रोलच्या पत्रकात कशाला, असं कुणाला वाटेल. पण आम्ही रोज या तापलेल्या गाड्यांचे दरवाजे उघडतो, आत काय असतं ते आम्हाला माहीत आहे.

गाडीत बसल्यावर लगेच काचा लावून एसी फुल्ल करू नका. आधी चारही काचा खाली घ्या. पलीकडचं दार उघडं ठेवून इकडचं दार चार-पाच वेळा उघड-मीट केलं तर आतली भट्टी पटकन बाहेर पडते. मग काचा थोड्या उघड्या ठेवून, एसी आणि ब्लोअर लावून गाडी काढा. मिनिटभराने काचा लावा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, ज्याच्यावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो ते. बाहेरची ४२ ची हवा सतत गार करत बसण्यापेक्षा आतली २८ ची पुन्हा गार करणं केव्हाही स्वस्त. लांबच्या प्रवासात तासातून एकदा काही मिनिटं बाहेरची हवा घ्या, नाहीतर बंद गाडीत जडपणा येऊन ड्रायव्हरला डुलकी लागते.

गाडी सावलीत लावा. सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून चकाकणारा पुठ्ठा लावा, साध्या कापडापेक्षा तो चांगला. काळ्या फिल्मचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा. गडद फिल्म लावून चौकाचौकात पावती फाडण्यात पेट्रोलचे वाचलेले पैसे जातील.

काचा उघड्या की एसी?

गावात, सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर, काचा उघड्या ठेवा. चाळीस-पन्नासच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा नगण्य असतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, म्हणून हायवेला उघड्या काचांचाही खर्च आहे. तिथे एसीच लावा. दुपारी बारा ते पाच कुठल्याही वेगाला एसी लावा. उष्माघाताचा खर्च पेट्रोलपेक्षा मोठा.

थंडीचा नॉब मधोमध ठेवला की पेट्रोल वाचतं, हाही एक समज. नॉबवाल्या बऱ्याच गाड्यांत तो नॉब कंप्रेसरला हातच लावत नाही, गार झालेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळतो. म्हणजे पेट्रोल जाळून गार करायचं आणि परत कोमट करायचं. अशा गाडीत नॉब पूर्ण निळ्या बाजूला ठेवा, जास्त गार वाटलं तर ब्लोअर कमी करा, नाहीतर पाच मिनिटं एसीचं बटणच बंद करा. आकडा लावायचा ऑटोमॅटिक एसी असेल तर २४-२५ ठेवा. १८ वर ठेवल्याने गाडी लवकर गार होत नाही, कंप्रेसर जास्त वेळ चालतो एवढंच.

आम्हाला सापडतं ते

मंगळवेढ्याकडचे एक मास्तर एप्रिलमध्ये गाडी घेऊन आले. एसी लावला की मायलेज फारच पडतंय आणि गारही धड होत नाही, अशी तक्रार. आधी दुसरीकडे दोनदा गॅस भरून झाला होता. आम्ही गॅसचा दाब मोजायचा गेज लावला. हाय साइडचा, म्हणजे कंप्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, काटा साडेतीनशे पीएसआयच्या जवळ. एवढा दाब म्हणजे कंप्रेसर जणू चढावर भरलेली बैलगाडी ओढतोय.

पुढची जाळी खोलली. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये ज्वारीच्या मळणीचा भुसा, धूळ आणि चिलटं यांचा थर बसलेला. तळहाताएवढा तुकडा अखंड निघाला, हातात घोंगडीचा तुकडा धरावा तसा. बाहेरून बघणाऱ्याला कंडेन्सर स्वच्छच दिसत होता, कारण मळ मागच्या बाजूला होता. आतला गॅस काढून वजन केला तर स्टिकरवर लिहिलेल्यापेक्षा दीडशे ग्रॅम जास्त निघाला. धुतलं, व्हॅक्यूम केलं म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढली, मोजून गॅस भरला. काटा अडीचशेच्या खाली आला. मास्तरांना आम्ही तो भुशाचा तुकडा कागदात बांधून दिला, घरी दाखवायला.

यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. ती बंद साखळी आहे, कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. "दरवर्षी उन्हाळ्याआधी गॅस टाकून घ्या" हा सल्ला चुकीचा आहे. लिकेज शोधल्याशिवाय आम्ही गॅस भरत नाही, ग्राहकाने घाई केली तरी नाही. गॅस किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. कमी भरला तर कंप्रेसर बराच वेळ चालूनही गार होत नाही, जास्त भरला तर दाब वाढतो. दोन्हीकडून पेट्रोलच जातं. भरण्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम करायलाच हवा, नाहीतर आत राहिलेली हवा दाब वाढवते. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि स्वस्तात कुणी स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरून देत असेल तर तिथून गाडी काढा. तो पेट घेणारा गॅस तुमच्या पुढ्यातल्या कूलिंग कॉइलमध्ये फिरत राहणार.

दोन, कंडेन्सर वर्षातून एकदा, शेतशिवारात गाडी फिरत असेल तर दोनदा, साध्या नळाच्या पाण्याने धुवायचा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की त्याच्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि हवा जायची वाट कायमची बंद होते. गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर दर १० हजार किलोमीटरला बघून घ्या. आपल्याकडच्या धुळीत तो त्याआधीच भरतो.

सीएनजी गाडीलाही वरचा सगळा हिशोब लागू आहे, फक्त ताकद कमी असल्याने एसीचा ओढा जास्त जाणवतो. इलेक्ट्रिक गाडीत एसी बॅटरीवर चालतो. तिथे लिटरऐवजी रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, कमी होते, पण तीही तासावरच.

गाडी दाखवायची असेल तर शक्यतो फेब्रुवारीत, गर्दी सुरू होण्याआधी आणा. सकाळी, इंजिन गार असताना. गेज लावल्यावर आम्ही तुम्हाला जवळ बोलावून काटा दाखवू, तेव्हा वेळ काढून थांबा. आणि कृपा करून आदल्या दिवशी गाडी धुऊन आणू नका. जाळीवर काय बसलंय ते आम्हाला जसंच्या तसं बघायचं असतं.