कांद्याचं ‘किमान निर्यात मूल्य’ : पार्श्वभूमी

कांद्याच्या निर्यातीवर दिल्लीचा हात १९७०च्या दशकापासून आहे. तेव्हा माल बाहेर जायचा तो नेमून दिलेल्या सरकारी यंत्रणांमार्फतच. १९८० आणि १९९८च्या निवडणुकांत महागलेल्या कांद्याने सत्ताधाऱ्यांना कसं रडवलं ते सगळ्यांना पाठ आहे. अलीकडचं दुखणं मात्र २०१९पासूनचं.

१३ सप्टेंबर २०१९ला टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य लागलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही, आणि २९ तारखेला थेट बंदी. ती मार्च २०२०मध्ये उठली, १४ सप्टेंबरला पुन्हा बसली. बांगलादेशच्या सीमेवर भरलेले ट्रक जागच्या जागी अडकले. १ जानेवारी २०२१ला तीही उठली. मग अडीच वर्षं बरी गेली. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचं किमान मूल्य, ८ डिसेंबरला परत बंदी.

या तारखांचे महिने बघा. बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबरमधले, म्हणजे ऐन चाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) फोडायच्या वेळचे. उन्हाळ्यात काढलेला ‘उन्हाळ’ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, पण वजन घटत जातं, पावसाळ्यात काजळी (काळी बुरशी) धरते, कोंब फुटतात. एवढं सोसून माल राखला तो या दोन-तीन महिन्यांच्या भावासाठी.

आता त्या ‘किमान’ शब्दाकडे येऊ. ‘कांद्याला किमान ५५० डॉलर’ असं कानावर पडलं की हमीभाव जाहीर झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात यातला एक रुपयाही शेतकऱ्याला मिळेलच असं नसतं. निर्यातदाराच्या बिलावरची ती खालची हद्द आहे. त्याखालच्या बिलाचा माल कस्टम सोडत नाही. परदेशातलं गिऱ्हाईक त्या भावाला राजी नसेल तर कंटेनर भरतच नाही आणि तो कांदा नाशिककडच्या लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात येऊन भाव पाडतो. हमीभाव खालून आधार देतो, हे मूल्य बाहेरची वाट अडवतं. दोन्हींना ‘किमान’ म्हणायचं!

४ मे २०२४ला, लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत, बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. ‘निर्यात खुली’ झाली म्हणे. हिशेब मांडा: ५५० डॉलर टन म्हणजे तेव्हा किलोला साधारण ४६ रुपये, त्यावर ४० टक्के शुल्काचे १८. न्हावा-शेवा बंदरातून निघतानाच ६४ रुपये, जहाजभाडं वेगळं. पाकिस्तान, इजिप्तच्या मालाशी टक्कर या आकड्यावर द्यायची. त्यापेक्षा बंदी बरी, ती निदान स्वतःला बंदी म्हणवते.

त्याआधी एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी वाट मिळाली होती. नाशिकमध्ये ओरड झाली, तेव्हा सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी जाहीर झाली. त्यात बहुतांश जुन्याच परवानग्यांची बेरीज असल्याचं व्यापाऱ्यांनी लगेच सांगितलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडायला हवा, हे खरंच. पण त्या स्वस्ताईची किंमत दरवेळी एकाच खिशातून जाते.

१३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. विधानसभेचं मतदान दोन महिन्यांवर होतं. उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ला शून्य झालं. तोवर उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली होती आणि बाजार आधीच उतरला होता.